डोळे दाखवायला अकोल्याला

बाबांनी माझी बॅग एसटीत चढवली आणि कुणी विचारायच्या आधीच जाहीर करून टाकलं, "पोरीचे डोळे दाखवाले अकोल्याले नेऊन राहिलो."

शेंदूरजनाघाटच्या स्टँडवर चहाची टपरी चालवणारे सुधाकरकाका गप्प बसणाऱ्यातले नव्हेत. "कावून, अमरावतीत डोळ्याचे डॉक्टर नाईत का?"

"अकोल्याचा चांगला हाय म्हनतेत," बाबा म्हणाले. आई स्टँडवर आलीच नव्हती. घरातून निघताना तिनं एवढंच बजावलं होतं, "कोनाले काई सांगू नको. तुह्यं लगन व्हायचं हाय अजून."

माझे डोळे ठणठणीत होते. बिघडलं होतं ते दुसरंच. अमरावतीला राजापेठेत खोली करून मी स्पर्धा परीक्षेचे क्लास लावले होते. तिथं आधी झोप गेली, मग भूक, मग बोलणं. पुस्तक उघडायचं आणि एकाच पानावर दुपार काढायची. मला वाटायचं मी आळशी झाले, रूममेटला वाटायचं मी गर्विष्ठ झाले. डॉक्टरकडे जावं हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही, कारण ताप नव्हता.

ओळखलं ते बाबांनी. बागेतली संत्री घेऊन ते खोलीवर आले आणि पिशवी पलंगाखाली सरकवायला वाकले, तर मागच्या वेळची पिशवी तशीच पडलेली, संत्र्यांवर हिरवी बुरशी. आणि मी कोण, तर संत्र्यासाठी भावाचे केस उपटणारी. बाबा ती पिशवी बाहेर टाकून आले, माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "तुले बरं नाई, बाई. काय होते ते मले नाई समजत. ज्याले समजते त्याच्याकडे जाऊ." मी पोटभर रडले. माझं काहीतरी दुखतंय हे पहिल्यांदाच कुणी कबूल केलं होतं.

त्यांनी मला आधी गावी आणलं आणि तिथून अकोल्याला नेलं. अकोला एवढ्यासाठी, की अमरावतीच्या दवाखान्यात ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती. आणि अकोल्याच्या वेटिंग रूममध्ये शेजारी बसलेले गृहस्थ निघाले राजापेठेतलेच, बायकोला घेऊन आलेले. त्यांनी आपणहून सांगितलं, "दात दाखवाले आलो." बाबा म्हणाले, "आमी डोळे." समोर भिंतीवर मानसोपचारतज्ज्ञ अशी ठसठशीत पाटी, आणि तिच्याखाली हे दोघं अक्कलदाढ आणि मोतीबिंदू यांवर रंगात येऊन बोलत होते. त्या गृहस्थांच्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघी हसलो. कित्येक महिन्यांनी हसले मी.

औषधं सुरू झाली, डॉक्टरांशी बोलणं सुरू झालं, हळूहळू पुस्तकाचं पानही उलटायला लागलं. त्या पहिल्या खेपेहून परतताना बाबांनी मला बिननंबरचा चष्मा करून दिला. खोटं बोलायचं तर तेही नीट, असा त्यांचा स्वभाव. पुढे नोकरी अकोल्यातच लागली, जठारपेठेत घर झालं. ऑफिसात मी 'आज फॉलोअप आहे, हाफ डे टाकते' असं बिनदिक्कत सांगते. गावी जाताना मात्र वाटेत मोर्शी आली की चष्मा चढवायचा आणि परतताना मोर्शीलाच उतरवायचा. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलेत, त्यांचीही अशी एखादी मोर्शी असेल. आपलं घर नेमकं कुठलं, हा प्रश्न मला दरवेळी तिथंच पडायचा.

यंदा आईचा फोन आला. "मले पहाटेच जाग येते वं. छातीत धडधडते. ईसीजी चांगला हाय म्हनतेत. तुले बी असंच होत होतं का?" मला लग्नाची भीती घालणारी माझी आई मला हे विचारत होती. मी तिला आणायला गावी गेले. चष्मा लावून, अर्थात.

स्टँड तोच, टपरीही तीच, फक्त सुधाकरकाकांचे केस पिकलेले. "वैनी, कुठं निघाल्या?"

सवयीनं बाबांनी तोंड उघडलं, "डोळे दाखवा..."

"डोळे चांगले हायेत माहे," आई मध्येच म्हणाली. "झोप येत नाई, जीव घाबरते. पोरगी ज्या डॉक्टरकडे जाते, त्याच्याकडेच चालली."

काका माझ्या चष्म्याकडे बघत राहिले. बाबा उगाच एसटीचे टायर न्याहाळायला लागले. मला त्या क्षणी आईचा फार अभिमान वाटला. आम्ही गाडीत बसल्यावर काका चहा घेऊन खिडकीशी आले. कप आईच्या हातात दिला आणि आवाज खाली आणून मला म्हणाले, "बाई, आमची सून बाळंतपनापासून कोनाशी बोलतच नाई. तिले आनू का तिथं?"

"आना काका. माह्या घरीच उतरा."

मोर्शी आली तेव्हा आईनं माझा चष्मा काढून घेतला आणि स्वतःच्या डोळ्यांना लावून पाहिला. "याच्यात तं काईच नाई," ती म्हणाली आणि तो आपल्या पिशवीत टाकून दिला. त्यानंतरही मी गावी जाऊन आले. मोर्शी कधी मागे पडली, मला कळलंच नाही.