वर्षातून किती रात्री?

घर विकून मोटरहोममध्ये राहायला जायचं आम्ही जाहीर केलं, तेव्हा ओळखीच्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: आंघोळीचं काय? विम्याचं काय, हे कोणी म्हणजे कोणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढची धावपळ वाचली असती.

मी इंग्लंडात, लंडनजवळच्या स्लाऊमध्ये तीस वर्षं जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होते आणि आमचे हे हॉस्पिटलात हाडांचे डॉक्टर. घर शेजारच्या मेडनहेडला. रिटायर झाल्यावर शहाणी माणसं बागकाम करतात. आम्ही एका रविवारी सहज म्हणून मोटरहोमचं प्रदर्शन बघायला गेलो आणि यांच्या डोक्यात खूळ शिरलं. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं राहू," हे म्हणाले. मला वाटलं, दोन दिवसांत उतरेल. उतरलं नाहीच, आणि खरं सांगायचं तर मलाही चढलं. आम्ही घेतलेल्या गाडीत पलंग होता, शेगडी होती, फ्रिज होता, आणि ओट्याच्या वर जिथे आधीचा मालक वाइनचे ग्लास अडकवत असे, तिथे मी माझे देव बसवले.

मुलीला मात्र हे अजिबात पटलं नाही. ती दोन तासांवर कॉव्हेंट्रीला असते, शाळेत शिकवते, लग्नाला पाच वर्षं झाली आहेत. "आई, तुम्ही लोक व्हॅनमध्ये राहणार? माझी स्पेअर रूम रिकामा आहे ना!" ती म्हणाली. जन्म इथलाच, त्यामुळे तिच्या मराठीत खोली कधी बाई असते, कधी बुवा. मी म्हटलं, "येऊ-जाऊ गं." हे वर्तमानपत्रात शिरले.

ते का शिरले, हे मला ठाऊक होतं. यांच्या घरचा दंडक असा की लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, आणि जेवलोच तर जेवलो त्याहून जास्त देऊन यायचं. माझे सासरे आयुष्यात एक रात्र माझ्या नणंदेकडे राहिले नाहीत. तिच्याच गावात लग्नाला गेले तरी धर्मशाळेत उतरले. इंग्लंडात धर्मशाळा नाहीत, म्हणून मुलीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आम्ही तिच्यापासून दोन मैलांवरच्या हॉटेलात उतरलो. एरवी सकाळी जायचं, संध्याकाळी परत. दर खेपेला गाडीच्या डिकीत दहा किलो बासमती. मुलगी आणि जावई दोघंही पास्ता खाणारे. त्यांच्या गराजमध्ये पाच वर्षांत तांदळाच्या पिशव्यांची भिंत उभी राहिली होती.

घराच्या किल्ल्या नव्या मालकाला शुक्रवारी दुपारी बारा वाजता द्यायच्या होत्या. मंगळवारी खोकी भरताना मोटरहोमच्या पॉलिसीचा कागद हाती लागला आणि मी तो वाचायला बसले. मी औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठीसुद्धा शेवटपर्यंत वाचते, त्याची सगळे चेष्टा करतात. सतराव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे वाहन फक्त सुट्टीत फिरण्यासाठी आहे आणि मालकाचं कायमचं घर दुसरीकडे असलं पाहिजे.

यांनी लगेच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या बाईने विचारलं, "मेन रेसिडेन्स कुठे?"

"शुक्रवारपासून कुठेच नाही!" हे असे आनंदाने म्हणाले, जणू बक्षीस लागलं आहे.

"मग शुक्रवारपासून तुमचा विमाही नाही," बाई तितक्याच गोडपणे म्हणाली.

हात दाखवून अवलक्षण. पण लपवून तरी काय मिळवलं असतं? पहिल्याच अपघाताला विमा कंपनीने आमचा खोटेपणा शोधला असता आणि हात वर केले असते. आता अवस्था अशी की शुक्रवारी बारानंतर घरात राहता येणार नाही, आणि विम्याशिवाय मोटरहोम त्या अंगणातून रस्त्यावर काढणं हा गुन्हा. ना घरका ना घाटका म्हणतात ते आम्ही साठी उलटल्यावर प्रत्यक्ष बघणार होतो.

पुढचा दीड दिवस आम्ही फोनवरचं संगीत ऐकलं. जो तो विचारायचा, "घर नाही म्हणजे?" मी म्हणायचे, "आहे, चाकांचं आहे." त्यावर कोणी हसायचं नाही. बुधवारी दुपारी अखेर असा एक ब्रोकर सापडला, जो बारा महिने मोटरहोममध्ये राहणाऱ्यांचेच विमे काढून देतो. उत्तरेकडच्या हेलात बोलणारा, गप्पिष्ट माणूस. गॅसचा अलार्म आहे का, कुलपं कुठली, युरोपात किती दिवस जाणार, सगळं विचारून झाल्यावर म्हणाला, "एक पत्ता मात्र हवा. जिथे पत्रं येतील, जिथे तुम्ही परत जाता असा. नातेवाइकाचा चालेल, पण खरा हवा."

"मुलीचा आहे, कॉव्हेंट्रीचा," मी म्हटलं.

यांच्या कपाळावर आठ्या. फोन बाजूला धरून मला म्हणाले, "लेकीचा पत्ता आपला म्हणून द्यायचा? महाराष्ट्र मंडळाच्या हॉलचा देऊ या."

"अहो, हॉलमध्ये कोण राहतं? ढोल-ताशे?"

मग स्लाऊमधल्या मित्राचं गोदाम सुचवून झालं. ब्रोकर म्हणाला, गोदामात माणसं झोपत नाहीत. शेवटी हे नाइलाजाने म्हणाले, "बरं, पत्रापुरता दे."

ब्रोकरने टाइप करता करता विचारलं, "तिथे वर्षातून साधारण किती रात्री राहता?"

हे खुर्चीत ताठ बसले. "झिरो," म्हणाले. "पाच वर्षांत मुलीच्या घरी आम्ही एकही रात्र काढलेली नाही."

हेच वाक्य यांनी त्यांच्या गावी, सांगलीत म्हटलं असतं, तर चार माणसांनी मान डोलावली असती. इथे टायपिंग थांबलं. मग तो माणूस अगदी हळुवार आवाजात म्हणाला, "सॉरी टु हिअर दॅट, सर. भांडण मिटू शकतं. माझंही भावाशी मिटलं."

"भांडण नाही हो! आम्ही मान राखतो!" हे ओरडले. मी उशीत तोंड खुपसून हसत होते. पण ब्रोकरचं म्हणणं पक्कं होतं: जिथे एकही रात्र जात नाही, तो पत्ता कंपनी मानणार नाही. "मुलीशी बोला आणि उद्या पाचच्या आत फोन करा," तो म्हणाला.

गुरुवारी मोटरहोम घेऊनच आम्ही कॉव्हेंट्रीला गेलो. एका दिवसाचा विमा शिल्लक होता. डिकी नव्हती, म्हणून तांदळाची पिशवी पलंगाखाली. मुलगी शाळेतून आली तेव्हा चार वाजले होते. हे स्वयंपाकघरात उभे राहून पेशंटला रिपोर्ट सांगावा तसं सगळं सांगत गेले. शेवटी म्हणाले, "तुझा पत्ता फक्त कागदावर लागेल. तुला त्रास होणार नाही. आम्ही राहायला येणार नाही."

माझी मुलगी रागावली की आधी भांडी आवरायला लागते. दोन कप तिने विसळले आणि तिसरा तसाच ठेवला.

"बाबा, मी युनिला होते तेव्हा सगळ्या फॉर्मवर होम ॲड्रेस काय लिहायचे? मेडनहेड. बँकेचा, डेंटिस्टचा, सगळे लेटर्स तिथे यायचे. आणि मी किती नाइट्स येत होते? ख्रिसमसला वन वीक. ईस्टरला चार दिवस. तुम्ही काउंट केलं कधी? तो माझा घर नव्हता का?" ती यांच्याकडे वळली. "माझ्या हाउसवॉर्मिंगला तुम्ही हॉटेलमध्ये राहिलात. मी इथे दोन बेड केले होते. नवीन बेडशीट्स. मी कोणाला नाही सांगितलं."

मला ते माहीत नव्हतं. यांच्या दंडकाला मी पाच वर्षं हसत आले, पण संध्याकाळ झाली की पर्स उचलून आधी दाराशी उभी राहायचे ती मीच. मला स्वतःची लाज वाटली. हे खिडकीबाहेर आमच्या मोटरहोमकडे बघत राहिले. चष्मा काढून पुसला, परत लावला.

पाचला दहा मिनिटं असताना यांनी फोन लावला. ब्रोकरने तोच प्रश्न विचारला. यांनी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "सिक्स्टी."

"सिक्स्टी?" यांनी फोनवर हात ठेवला. ती हलली नाही. "सिक्स्टी," हे फोनवर म्हणाले.

"मिटलं तर! छान झालं, सर," ब्रोकर म्हणाला. या खेपेला यांनी त्याची चूक सुधारली नाही. पॉलिसी ईमेलने सहाच्या आत आली, वर आमची नावं आणि खाली कॉव्हेंट्रीचा पत्ता. रात्री आम्ही मेडनहेडला परतलो, कारण सकाळी खोकी हलवायची होती.

शुक्रवारी बाराला किल्ल्या दिल्या. मी थोडी रडले, मग सँडविच खाल्लं, मग बरं वाटलं. स्कॉटलंडच्या हायलँड्सला जायचा आमचा बेत होता, पण मोटरवेला लागल्यावर हे आपणहून म्हणाले, "आधी घरी जाऊन येऊ." कुठल्या घरी, हे मी विचारलं नाही. वाटेतल्या बॅनबरीच्या पुढे आल्यावर मला एकदम आठवलं. म्हटलं, "अहो, तांदूळ घ्यायचा राहिला!" हे गाडी चालवत राहिले.

संध्याकाळी मुलीने दार उघडलं. सवयीने तिची नजर आधी यांच्या हातांकडे गेली. एका हातात झोपायचे कपडे होते, दुसऱ्यात चष्म्याची डबी.

"बाबा, राईस कुठे आहे?"

"स्वतःच्या घरी कोणी तांदूळ घेऊन येतं का?" हे म्हणाले आणि बूट काढायला खाली बसले.

ती आत वळली आणि नवऱ्याला हाक मारून म्हणाली, "गराजमधून एक बॅग आण. आज भात करू या."