तळ्यात फिरवलेली तुरटी

आमच्या अंगणात तळं आहे, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे आखाडा बाळापुरातल्या घरापुढं, पेरूच्या झाडाखाली, सिमेंटनं लिंपलेला तो एक खड्डा. पण त्यात जपानी 'कोई' जातीचे रंगीत मासे आहेत. माझ्या लेकीनं नांदेडहून एसटीत पिशवी मांडीवर धरून आणलेले. त्यातला पांढरा, कपाळावर लाल टिळा असलेला, तिचा फार लाडका.

पुण्याला नोकरीला जाताना ती बजावून गेली, "बाबा, पाणी हिरवं दिसलं तरी घाबरू नका. बदलायचंच झालं तर चौथाई बदला. आणि आधी मला विचारा."

मी व्हय व्हय म्हणालो. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस मी. मनात म्हटलं, ही मला पाणी शिकवते!

तिचं मी ऐकलंही असतं, पण मधेच माझा मेहुणा येऊन गेला. तळ्याकडं बघून म्हणाला, "दाजी, मासे पाळून राहिले का म्हशी?"

ते मला लागलं. पुढच्या रविवारी तो बायकोला घेऊन जेवायला येणार होता. शनिवारी मी मासे टपात काढले, हिरवं पाणी सगळं उपसलं, तळ घासून काढला आणि नळाचं पाणी भरलं. पावसाळ्यात आमच्या नळाला चहासारखं पाणी येतं. प्यायच्या हंड्यात आम्ही तुरटीचे दोन वेढे फिरवतो, गाळ खाली बसतो. वर्गात हा प्रयोग मी दरवर्षी करून दाखवायचो. तेव्हा हंड्याला दोन वेढे तर तळ्याला किती, हा हिशोब मी सढळ हातानं केला. घरातला तुरटीचा अख्खा खडा फडक्यात बांधला, काठीला लटकवला आणि ताक घुसळावं तसं तळं घुसळलं.

सकाळी तळातलं पेरूचं पान दिसत होतं. मासे सोडले.

मेहुणा आला, काठावर उभा राहिला आणि म्हणाला, "दाजी, मानलं!"

त्या एका शब्दावर मी फुगलो. तेवढ्यात मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले.

"हे काहून आ करून राहिले?" मेहुण्यानं विचारलं.

"तुमाला रामराम करून राहिले."

सगळे हसले. त्याच्या बायकोनं माझ्या आग्रहावरून पुरीचा तुकडा टाकला. एकानंही तोंड लावलं नाही. टिळेवाला एका कुशीवर कलला.

"ह्याला झोपायची सवय आहे अशी," मी म्हणालो.

हे वाक्य मला अजून विसरता येत नाही. काहीतरी चुकलंय हे मला तेव्हा कळलं होतं. कळूनही ते 'मानलं' हातचं जाऊ नये म्हणून मी बोललो.

बायको पुरीचा झारा घेऊनच बाहेर आली. तळ्याकडं बघितलं, मग काठीकडं. काठी उचलली तर खाली फडकं ठिबकत होतं.

"आवो, तुरटी मी सकाळपासून हुडकून राहिले. ह्यात घातली?"

"थोडीशी," मी म्हणालो.

तिनं लेकीला व्हिडिओ कॉल लावला. लेक माझ्याशी बोललीच नाही. "मामा, तुरटीनं गुदमरलेत ते, आधी बाहेर काढा त्यांना! शेजारच्या विहिरीचं पाणी आणा, लवकर!"

ज्याच्यावर छाप पाडायची होती त्या मेहुण्यानं नवी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि हंडे वाहिले. टिळेवाल्याला त्यानं अंघोळ घातलेल्या लेकरासारखं दोन्ही हातांत उचललं. मी नुसता वाटेत येत होतो. पुऱ्या गार झाल्या.

दोन मासे गेले. टिळेवाला टपात कितीतरी वेळ आडवा होता. लेक फोनमधून बघत होती. दुपार कलता त्यानं शेपूट हलवली आणि सरळ झाला. मी शिव्या खायची तयारी करून फोन हातात घेतला. ती म्हणाली, "बाबा, जेवले का तुमी?"



आता पाणी पुन्हा हिरवं आहे. पाहुणे विचारतात, "बदलत न्हाई का?" मेहुणा असला की मोठ्यानं सांगतो, "दाजींनी एकदा बदललं होतं!" बायको काठावर आली की मासे वर येतात. माझी सावली पडली की टिळेवाला तळाशी जातो. म्हणून मी पेरूच्या बुंध्यामागं खुर्ची टाकतो. तिथून पाण्यावर माझी सावली पडत नाही.