स्वतःच्याच घरातली चोरी

पीएच.डी. करणाऱ्या मुलांना संशोधनातली सचोटी शिकवणाऱ्या बाईंना सगळे पाठीमागे चाळणीबाई म्हणत. उसनं वाक्य त्यांच्या नजरेतून सुटत नसे. बाईंना हे नाव ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

त्यांच्या वर्गात एक विद्यार्थी होता; डोक्याने हुशार, तोंडाने त्याहून हुशार. त्याने नव्या शोधनिबंधात स्वतःच्याच छापून आलेल्या जुन्या लेखातली पानं जशीच्या तशी घातली, आणि कुठे तसं सांगितलंही नाही. बाईंनी बोलावून घेतलं, तर म्हणाला, “मॅडम, माझंच लिखाण आहे. स्वतःच्या घरात कुणी चोरी करतं का?”

बाईंनी नियम सांगितला. त्याने मान हलवली, पण पटलं नव्हतं हे दिसतच होतं. बाईंच्या डोक्यात तो किडा वळवळत राहिला.

संध्याकाळी घरी पाहुणे आले. नवऱ्याने आपण लिफ्टमध्ये अडकल्याचा किस्सा रंगवून सांगितला. याच पाहुण्यांना त्याने तो मागच्या खेपेलाही सांगितला होता. पाहुणे भिडेखातर हसले. नणंद बाईंच्या कानाशी लागून म्हणाली, दादाला आता तूच आवर. नवऱ्याला आवरायचं बाजूलाच राहिलं, बाईंना भलतीच युक्ती सुचली.

पुढच्या तासाला त्यांनी मागचंच व्याख्यान पुन्हा सुरू केलं. तीच उदाहरणं, फळ्यावर तीच आकृती, तोच विनोद आणि हसू येण्यासाठी तेवढंच थांबणं. मुलं एकमेकांकडे बघू लागली. बाई ढिम्म. शेवटी त्याच पठ्ठ्याने हात वर केला.

“मॅडम, हे मागच्या तासाला झालंय.”

“झालंय की. पण माझंच आहे ना?”

वर्गात खसखस पिकली. तो ओशाळला, पण गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. “आम्ही नवीन काही ऐकायला आलो होतो.”

“वाचणाराही तसाच येतो, बाबा,” बाई म्हणाल्या. “जुनं खुशाल वापर. फक्त जुनं आहे आणि कुठे छापलं होतं, एवढं सांग.”

त्याने निबंध परत नेला आणि मन लावून नव्याने लिहिला. बाईंनी तो वाचायला घेतला आणि कपाळाला हात लावला. पानोपानी स्वतःच्याच लेखाचा हवाला, संदर्भसूचीत वरपासून खालपर्यंत त्याचंच नाव. त्यांनी समासात लिहिलं, “जगात इतर माणसंही संशोधन करतात.”