दिनानाथच्या पिठाचा वास

निडी स्टेशनपासून पाऊण तास चाललं की जे गाव लागतं, तिथे दिनानाथचं नाक प्रसिद्ध होतं. चौतीस वर्षं त्याने रोह्याच्या एका भातगिरणीत काढली. मूठभर तांदूळ नाकाशी धरून तो नवा की जुना, भात नीट वाळलं होतं की ओलंच भरडलं, हे तो डोळे मिटून सांगायचा. मालक त्याला विचारल्याशिवाय माल घेत नसे. गिरणीतून सुटल्यावर हेच नाक त्याने दुसऱ्या कामाला लावलं, किंवा खरं सांगायचं तर पहिल्यापासून त्याच कामाला लावलेलं होतं, गिरणी आपली पोटासाठी. ते काम म्हणजे पीठ. हे पीठ माणसांनी खायचं नव्हे. गावच्या तळ्यात सोडलेले रोहू आणि कटला गरीला लागावेत म्हणून तो जे आमिष मळायचा, त्याला सगळा गाव 'दिनानाथचं पीठ' म्हणत असे.

हे पीठ त्याला कुणी शिकवलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्याची बायको शकू तळ्याच्या पायरीवर बसून मोड आलेले वाल सोलत होती. साली पाण्यात पडत होत्या आणि हातहातभर रोहू अगदी तिच्या बोटांपाशी येऊन त्या गिळत होते. नवी नवरी समोर बसली होती आणि दिनानाथ बघत होता मासे! त्या दिवसापासून घरातल्या बिरड्यासाठी सोललेल्या वालाच्या साली आणि ते वास मारणारं पाणी मडक्यात साठायला लागलं. तीन-चार दिवस ते आंबायचं. मग त्यात अर्धे शिजवून ठेचलेले वाल, भाजलेला कोंडा, शेंगदाण्याची पेंड, बोटभर गूळ. मळायचं, आणि सुपारीएवढ्या गोळ्या करायच्या.

सगळी गोम त्या मडक्यात होती. पाणी एक दिवस आधी काढलं तर मासा फिरकत नाही, एक दिवस उशीर झाला तर हुंगून निघून जातो. तो दिवस कॅलेंडरवर नसतो. कधी उकाडा जास्त, कधी पहाटेचा गारवा. दिनानाथ मडक्यावरचं फडकं उचलायचा, एकदाच श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "झालं." शकूचं या मडक्याशी उभं वैर. घरात सोडाच, पडवीतही तिने ते ठेवू दिलं नाही. गोठ्याच्या मागे त्याची जागा, आणि तिथून जाताना नाकाला पदर लावून ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

गेल्या आषाढात दिनानाथला ताप आला. आठवड्यात ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. आधी वाटलं सर्दी असेल. मग एका सकाळी त्याने मूठभर तांदूळ नाकाशी धरला आणि काहीच आलं नाही. रोह्याचे डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणारही नाही, वाट बघा. दिनानाथने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. गावात साठी ओलांडलेल्या माणसाला लोक फार मायेने खुर्ची देतात आणि मग त्याला काही विचारायचंच बंद करतात, हे त्याने दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. त्याला त्या खुर्चीची भीती वाटत होती.

आता शिमगा झाला आणि गरीचा दिवस तोंडावर आला. या गावात तळ्यात जाळं टाकायची रीत नाही. शिमग्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी एका घराची एक गरी, तीही दुपारच्या जेवणापर्यंतच. आणि त्या दिवशी सगळ्या घरांना पीठ दिनानाथचं. यात तीस वर्षांत खाडा नव्हता. दहा दिवस आधी तो थोडं पीठ नमुन्यासाठी करायचा आणि त्याचा लहानपणापासूनचा सोबती रघू ते घेऊन नदीवर बसायचा.

यंदा नमुना करायच्या वेळी शकू जिते गावी लेकीकडे, अपेक्षाकडे गेली होती. दिनानाथने माळ्यावरून वालाचा डबा स्वतःच काढला. वाल भिजवले, मोड आणले, सोलले. मडकं भरलं, बोटांवर चार दिवस मोजले, पीठ मळलं आणि गोळ्या रघूच्या हातावर ठेवल्या.

संध्याकाळी रघू परत आला तेव्हा पिंपळाच्या पारावर बरीच मंडळी होती. "दिन्या, माशांना खरूज झालीय काय रं?" त्याने लांबूनच आरोळी ठोकली. "खरजेवरचं करंजेल घातलंस पिठात? दोन तास बसलो, एकानं तोंड लावलं नाय! ह्यो माझा हात हुंग!"

त्याने हात दिनानाथच्या नाकाशी धरला. दिनानाथने हुंगल्यासारखं केलं. त्याला काही आलं नाही, पण काय झालं ते कळलं. माळ्यावर सारखेच दोन डबे होते. एक खायच्या वालाचा, दुसरा बियाण्याचा. बियाण्याला कीड लागू नये म्हणून शकू दरवर्षी करंजाचं तेल चोळून ठेवते. तेल मुरलं की डोळ्यांना काही दिसत नाही, मात्र झाकण उघडलं की शेंबड्या पोरालाही कळतं. पारावरची मंडळी हसली. वाईट मनाने नाही, पण हसली. एक जण म्हणाला, "असूं द्या, वय झालं भाऊचं." दिनानाथला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी शकू परत आली, तर हा पडवीत भिंतीकडे तोंड करून पडलेला.

"यंदा आपली गरी नाय टाकायची," तो म्हणाला. "पीठ बी नाय करायचं. ज्याचं त्याला मळू द्या."

"रघूभावजी हसले म्हणून?"

"तुला कोनी सांगितलं?"

"स्टेशनपासून इथवर तिघांनी सांगितलं." शकूने पिशवी खाली ठेवली आणि त्याच्या पायाशी बसली. "अवो, मला ठावं हाय. दिवाळीपास्नं ठावं हाय. चकलीचं तेल जळलं, शेजारची नूतन धावत आली, अन् तुमी चुलीपाशी पेपर वाचत बसलेले."

दिनानाथ उठून बसला. "मग बोलली का नाय गो?"

"तुमी बोलला नाय, म्हणून मी बोलली नाय." ती म्हणाली. "वाटलं, सांगाल कवातरी."

पाच महिने ही बाई भात करपला की ताट वाढताना स्वतःच सांगायची, दूध नासलं की त्याच्या हातातून पेला काढून घ्यायची. त्याला वाटायचं, हिला हल्ली बोलायची सवय लागली आहे. दिनानाथला एकदम भरून आलं. तो म्हणाला, "शकू, मला वास नाय तर मी कोण? गिरणी गेली, आता पीठ बी गेलं."

"पीठ कुठं गेलंय? मडकं हाय, वाल हाय. तीस वर्सं शिव्या घातल्यात मी त्या मडक्याला. त्या काय वास न घेताच? कुठल्या दिवशी किती घाण मारतं ते मला इचारा."

त्याच संध्याकाळी तिने खायच्या वालाचा डबा उघडून दिला. वाल भिजून मोड यायला दोन दिवस गेले, मग मडकं भरलं. दुसऱ्या सकाळी दोघं गोठ्यामागे उभी राहिली. दिनानाथने फडकं उचललं. शकूने सवयीने पदर नाकाला लावला, मग काढला.

"कसा हाय?"

"घाण."

"अगो, घाण म्हंजे कसा? नीट सांग."

इथे शकूची पंचाईत झाली. शिव्या तिच्याकडे होत्या, शब्द नव्हते. खूप विचार करून ती म्हणाली, "भिजल्या पेंढ्यासारखा." दिनानाथ म्हणाला, कच्चं आहे. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "दह्याचं भांडं धुवायचं राहिल्यासारखा." अजून नाही. चौथ्या दिवशी उकाडा होता. शकू भल्या सकाळी एकटीच जाऊन आली आणि त्याला हलवून म्हणाली, "उठा. आज त्यो आंबट वास मागं गेलाय अन् गोडूस काय तरी वर आलंय. ह्या वासाला मी सगळ्यात जास्त शिव्या द्यायची!"

दिनानाथने तिच्याकडे बघितलं. तीस वर्षं ज्या वासाला तो "झालं" एवढंच म्हणत आला, त्याचं इतकं नेमकं वर्णन त्याने स्वतःही कधी केलं नव्हतं.

पीठ मळणं मात्र त्याचं. हात शाबूत होते. त्याने एक गोळी पाण्याच्या पेल्यात टाकली. लगेच विरघळली तर गरीवर टिकत नाही, दगडासारखी बसली तर मासा थुंकतो. ही कडेकडेने हळूहळू सुटत गेली. "बघ," तो म्हणाला, आणि दोघं पेल्यात डोकं घालून बघत बसली.

रविवारी तळ्यावर सगळी घरं जमली. दिनानाथला वाईट वाटू नये म्हणून कुणी त्याच्याकडे पीठ मागायला आलंच नव्हतं. ज्याने त्याने घरून कणकेच्या गोळ्या आणल्या होत्या. हे चांगुलपण त्याला फार बोचलं. तो पायऱ्यांच्या कडेला बसला, शकू त्याच्या बाजूला. बायका गरी टाकायला बसत नाहीत, त्यामुळे माना वळल्या. पहिला तास कुणालाच काही नाही. मग दिनानाथच्या दोरीला बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं मोराचं पीस दोनदा लवलं आणि सरळ पाण्याखाली गेलं. दोरी ताणली, बांबू वाकला, आणि दिनानाथने माशाला दमवत दमवत कडेला आणला. अडीच-तीन किलोचा रोहू. अर्ध्या तासात दुसरा. बाकीच्यांच्या कणकेकडे एकही मासा ढुंकून बघत नव्हता.

शेवटी रघूच उठून आला. "दे रं एक गोळी." त्याने ती हुंगली आणि खूश होऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "आलं रं आलं, दिन्याचं नाक जाग्यावर आलं!"

मूठ झाकलेली ठेवायला एवढी चांगली संधी पुन्हा मिळाली नसती. दिनानाथने होकारार्थी मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नाय रघू," तो म्हणाला. "माझं नाक गेलंय. आषाढापास्नं मला कसला वास येत नाय. ह्या पिठाचा वास हिनं घेतला. मी नुसतं मळलं."

रघूच्या हातात गोळी तशीच राहिली. करंजेलाचा हात त्याने या नाकाशी धरला होता, ते त्याला आठवलं असावं. मग पायरीवर उन्हाला बसलेली म्हातारी बायजाबाई म्हणाली, "मंग पिठाचं आता शकूला इचारायचं व्हय?"

"इचारा की," शकू म्हणाली. "पन एक सांगते, मडकं गोठ्यामागंच ऱ्हाईल!"

हसू फुटलं, आणि त्या हसण्यात दिनानाथचंही होतं. रघू खाली बसला, त्याने डब्यातून मूठभर गोळ्या घेतल्या आणि दिनानाथच्या पाठीवर थाप मारली. मग एकेक घर डबा पुढे करत आलं. खुर्ची कुणी दिली नाही. उलट, गोळी केवढी करायची, पेंड किती, पेल्यात किती वेळ ठेवायची, असे इतके प्रश्न आले की त्याला स्वतःची गरी टाकायला वेळ मिळाला नाही.

दुपारी शकूने रोहूचं कालवण केलं. दिनानाथचं जेवण आषाढापासून नुसतं तिखट, मीठ आणि आंबट उरलं होतं. तो खाली मान घालून पोट भरायचा आणि उठायचा. शकूने ताट वाढलं, पण समोर ठेवलं नाही. आपल्याच हातात धरून तिने त्यावर वाकून श्वास घेतला.

"आधी लसूण येतो," ती म्हणाली. "जरा जास्तच परतला मी. त्याच्या मागून आमसूल. अन् एकदम तळाला तळ्याचा वास हाय, चिखलाचा, पन ताजा. तुमाला आवडायचा त्यो."

तिने ताट त्याच्यापुढे ठेवलं. दिनानाथने पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिला.

"अजून सांग," तो म्हणाला.