बापूसाहेबांच्या मोटारीचा दम

पौडला गुरांचा डॉक्टर म्हणून रुजू झालो, त्याच आठवड्यात बापूसाहेबांचा निरोप आला, "दम लागलाय, ताबडतोब या." पिशवी सायकलला अडकवून मी धावलो. गोठ्यात गाय नव्हतीच. दारं काढून टाकलेली, दोन माणसांची एक जुनी तांबडी विलायती मोटार उभी होती. "नळी लावा आन् ऐका," बापूसाहेब गंभीरपणे म्हणाले, "श्वास कोंडतोय का बघा." मी ऐकलं. करणार काय, नवा माणूस होतो!

बापूसाहेबांची भातशेती मोठी, आवाज त्याहून मोठा. माणसांना ते अरेतुरे करत, मोटारीला मात्र 'बाई' म्हणत. मुंबईला एका जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत. दर वर्षी बापूसाहेब हौसेने जात आणि गाडी मध्येच बंद पडून परत येत. त्या वर्षी त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, निक्षून सांगितलं, "औंदा शेवटपत्तूर पळाली न्हाई, तर गाडी भंगारात. मग तोंड पाडून बसू नगा."

नेमका तेव्हाच बापूसाहेबांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून सुपरचार्जर आणला. एरवी इंजिन आपल्या ताकदीने हवा ओढून घेतं. हा पंप ती जबरदस्तीने कोंबतो. मग पेट्रोलही जास्त जळतं आणि जोर वाढतो. पाहुण्याचा हात धरून ताटात वाढणाऱ्या बापूसाहेबांना हे लगेच पटलं.

"डॉक्टर, आग्रव केल्याबिगर कुणी पोटभर खातं व्हय?"

"जास्त खाल्लं की गुरांचं पोट फुगतं," मी म्हणालो.

"ही गुरं न्हाईत. बाई हायेत!"

चाचणीला मला शेजारी बसवलं. मुळशीच्या रस्त्याला गाडी अशी सुटली, की माझं "हळू" मागच्या वळणावरच राहिलं. बापूसाहेब आनंदाने ओरडत होते. चढ लागला तसं इंजिन ठणठण ठोकू लागलं, पाण्याची वाफ झाली आणि मोठ्ठा फुस्स आवाज होऊन सगळं शांत झालं. इंजिनाचा सांधा घट्ट बंद ठेवणारं गॅस्केट फुटलं होतं. शेवटी बैल जोडून गाडी गावात आणली. चहाच्या दुकानातून एकाने हाक दिली, "बापूसाहेब, बैलांना बी पंप बसवलाय का?"

"न्हाई बा. ती आपल्याच दमावर चालत्यात, म्हून तर घरी पोचतोय."

घरी येताच त्यांनी सुपरचार्जर उतरवला. पोत्यात गुंडाळताना त्याच्यावरून हात फिरवत म्हणाले, "जिंकायचं फुडं बघू. आदी बाईंना वाचवू."

शर्यतीला वहिनी आणि मीही गेलो. सुपरचार्जरवाली एक निळी गाडी पंपाची शिट्टी वाजवत बापूसाहेबांना पुन्हा पुन्हा मागे टाकत होती. बापूसाहेब मात्र एका लयीत पळत राहिले आणि शेवटून दुसरे आले. पण आले! कॉलर ताठ करून ते आमच्याकडे वळले, तर वहिनी जागेवर नव्हत्या. त्या निळ्या गाडीभोवती फिरत मालकाला विचारत होत्या, "ह्यो पंप आमच्या गाडीला नीट बसंल का? इंजिन ठोकणार न्हाई असं?" आधी इंजिन त्याजोगं करून घ्यावं लागेल, असं तो सांगत होता आणि वहिनी लक्ष देऊन ऐकत होत्या.

बापूसाहेबांनी माझा दंड धरला. "डॉक्टर, गाडी वाचली. आता माजं बघा."

पुढे माझी बदली झाली. गाव सोडलं त्या सकाळी आमची एसटी पिरंगुटचा घाट चढत होती. मागून शिट्टी ऐकू आली आणि तांबडी गाडी आम्हाला ओलांडून सुसाट निघून गेली. चाक वहिनींच्या हातात होतं. शेजारी बापूसाहेब डोळे गच्च मिटून बसले होते.