कोण ओरडतंय ते बघू

उपटे खोलीत शिरली की आधी भिंतीतला एखादा प्लग उपटायची आणि मग एक बोट वर करून कान द्यायची. नमस्कार, पाणी, चहा, सगळं त्यानंतर. आमच्या लॅबचे कॉम्प्युटर सांभाळायला तिला घेतलं, त्या पहिल्या दिवशी ती अडगळीच्या खोलीत आली, तेव्हा मी दारात उभी राहून तिला आमची 'सिस्टिम' समजावून सांगत होते. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टेबलाखालच्या गुंत्यातली एक वायर धरली आणि ओढली. बाहेर रिसेप्शनवरची शुभांगी किंचाळली, "मॅडम, प्रिंटर गेला!" उपटेने त्या वायरीला चिकटपट्टी लावली, वर 'प्रिंटर' लिहिलं आणि दुसरी ओढली. आता डॉक्टर केबिनमधून ओरडले. त्या वायरीवर 'डॉक्टर'. तिसरी ओढली. शांतता.

"ही कोणाची?" तिने विचारलं.

"महत्त्वाची असणार," मी म्हटलं.

"कोण ओरडलं?"

"कोणी नाही."

"मग महत्त्वाची कशी?"

वायरीचा माग काढत ती गेली, तर दुसरं टोक गणपतीच्या फोटोवरच्या विझलेल्या दिव्यांच्या माळेला. माळ केव्हाच बंद पडली होती, वीज मात्र इमानेइतबारे पोचत होती.

उपटे हे तिचं आडनाव नव्हे. ते मी ठेवलेलं. पण लॅबभर ते असं पसरलं, की पेशंट तिला उपटे मॅडम म्हणत, कुरिअरवाला त्याच नावाने तिची पार्सलं देई आणि तीही निमूट सही करी. ती राहायची डोंबिवलीच्या अलीकडे, कोपरला. तिशी ओलांडलेली, खिशात कायम खारे शेंगदाणे आणि आवाज असा, की फोन न करताही बाळकुमच्या शाखेत ऐकू जावा.

आमची लॅब नौपाड्यात. रक्त-लघवी तपासायची. कोपरला आणि बाळकुमला एकेक शाखा. मी व्यवस्थापिका. तेव्हा मी पन्नाशी पार केलेली, केस नेमाने काळे करणारी, चष्मा पर्समध्ये लपवणारी बाई होते आणि मी एक दिवस आले नाही तर अख्ख्या नौपाड्याची साखर मोजायची राहील, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. लहानथोर सगळे मला मॅडम म्हणत. उपटेने पहिल्याच वाक्यात काकू केलं. "काकू, जरा बाजूला व्हा, हवा अडते." मी त्या रात्री आरशासमोर बराच वेळ उभी होते.

आमच्याकडे सगळे माझ्याच नावाने कॉम्प्युटर उघडत. पासवर्ड होता 'मोरया' आणि पुढे एकदोनतीन, तो तिन्ही शाखांत मॉनिटरला चिकटवलेला. उपटेने ते पाहिलं आणि शेंगदाणे खायची थांबली.

"काकू, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"ही काय, तुझ्यासमोर."

"कॉम्प्युटरच्या मते तुम्ही कोपरला रक्त घेताय, बाळकुमला रिपोर्ट छापताय आणि इथे कोणीतरी तुमच्या नावाने पत्ते खेळतंय."

मी शरमायला हवं होतं. मला वाटला अभिमान. तिने प्रत्येकाला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र पासवर्ड दिला, तेव्हा माझं राज्य वाटून टाकल्यासारखं मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिला ते कळलंच नाही. ती यूपीएसच्या मागे लागली होती. वीज गेल्यावर सर्व्हर धडकन मरू नये म्हणून ती बॅटरी. आमची बॅटरी दोन मिनिटांत मान टाकायची. कारण तिच्यावर मी चहाची विजेची किटली लावली होती. शुक्रवारी लाइट गेली तरी आमच्याकडे चहा थांबत नाही, हे मी पाहुण्यांना सांगत असे.

"म्हणजे काकू, लॅब मेली तरी चालेल, चहा जगला पाहिजे," उपटे म्हणाली आणि किटली उपटली. कोण ओरडलं ते सांगायला नको.

बॅकअपची गोष्ट मात्र मी आजही पाहुण्यांना सांगते, फक्त आता वेगळ्या तोंडाने. रोज संध्याकाळी मी पेनड्राइव्ह लावून लॅबचा सगळा डेटा त्यात भरायची आणि पर्समध्ये कुंकवाच्या डबीशेजारी ठेवून डोंबिवलीला घरी न्यायची. आग लागो, पूर येवो, लॅब माझ्या पर्समध्ये सुरक्षित. उपटेने सगळं ऐकून घेतलं. तिचं ठरलेलं वाक्य होतं, "नेलंत ते कळलं. परत आणून दाखवा." पेनड्राइव्ह लावला. आत एक इवलंसं चित्र. मी इतके महिने डेटाची नक्कल करतच नव्हते. पडद्यावर त्याकडे जायचा जो शॉर्टकट होता, तेवढाच रोज भक्तिभावाने उचलत होते.

उपटे हसली नाही, ही तिची कृपा. एवढंच म्हणाली, "काकू, तुम्ही रोज घराचा पत्ता पर्समध्ये घालून नेत होतात. घर इथेच होतं."

त्यानंतर तिने एक जास्तीचं मशीन आणलं, त्यावर रोजची नक्कल आपोआप पडेल असं केलं आणि मधूनमधून आम्हाला ती नक्कल उघडून दाखवायला लावू लागली. अडगळीच्या खोलीतून झाडू, फाटक्या छत्र्या आणि माझे पापडाचे डबे बाहेर गेले. तिथे एसी बसला. मी बाहेर पंख्याखाली आणि सर्व्हर एसीत! किल्ली मात्र माझ्याकडेच राहिली. इथेच तिचं चुकलं.

दसरा आला. यंत्रांची पूजा आमच्याकडे दरवर्षी. उपटेने बजावलं होतं, "हळदकुंकू उंबऱ्याला, फुलं दाराला, आत फक्त हवा." त्या दिवशी तिची सुट्टी. दसरा म्हणजे तिच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन, पांढरी साडी नेसून सगळं घर विहारात. मी म्हटलं, आता कोण बघतंय! झेंडूचा चांगला घसघशीत हार सर्व्हरला घातला. शोभून दिसावा म्हणून मागून-पुढून दोन वेढे दिले. उदबत्तीही लावली. डॉक्टरांनी नारळ बाहेर फोडला, तेवढी अक्कल त्यांना होती. आम्ही पेढे खात असताना आत पंख्यांनी पाकळ्या ओढून घेतल्या, सर्व्हर तापला आणि बंद झाला. बाहेर रिपोर्टसाठी थांबलेले लोक, उपाशीपोटी आलेले आजोबा, त्यांची चिडलेली सून.

उपटे विहारातून थेट आली. पांढऱ्याशुभ्र साडीचा पदर खोचून जमिनीवर बसली आणि लॅबच्या चिमट्याने पंख्यातून एकेक पाकळी काढू लागली.

"याला देव मानता ना, काकू?"

"हो."

"मग देवाचं नाक का दाबलंत?"

जास्तीच्या मशीनवरून काम सुरू झालं, आजोबांना रिपोर्ट मिळाला, सून पेढा घेऊन गेली. उपटेने माझ्यापुढे हात पसरला. मी किल्ली दिली. मग ती माझ्याकडे, मी टेबलाखालचा गुंता असल्यासारखी, बघू लागली.

"जिच्यावाचून सगळं अडतं, ती वस्तू धोक्याची," ती म्हणाली. "इथे आता अशी एकच उरलीय."

"कोणती?"

"घरी मुलगी आहे ना तुमच्या? दिवस भरत आलेत ना?"

माझी मीनल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जावई पुण्याला. आणि मी रोज सकाळी तिच्यापुढे खिरीचं भांडं ठेवून नौपाड्याला. संध्याकाळी घरी आले की फोन कानाला: सुया संपल्या का, बाळकुमची मुलगी आली का. तिने एकदा विचारलं, "आई, मी माहेरी आलेय की तुझ्या लॅबच्या वेटिंग रूममध्ये?" मी तिला म्हटलं, "थांब गं, डॉक्टरांचा फोन आहे." असं मी खरंच म्हटलं. वेळ आली की पोचेन, असा माझा हिशेब होता. नौपाडा ते डोंबिवली, मध्ये काय समुद्र आहे?

पुढच्या सोमवारी लॅबच्या दारावरच्या यंत्राने माझा अंगठा ओळखला नाही. पुसून पुन्हा लावला. लाल दिवा. शुभांगीने आतून दार उघडलं, पण ती माझ्या नजरेला नजर देईना. मी खुर्चीत बसले, पासवर्ड घातला. नाही. पुन्हा घातला. नाही. मग मी उठले आणि अशी ओरडले, की रक्त द्यायला बसलेल्या माणसाने आपण होऊन दुसरी बाही वर केली. डॉक्टरांनी केबिनचं दार किलकिलं केलं आणि परत लावून घेतलं. म्हणजे तेही सामील.

उपटे समोर उभी. बोट वर, कान माझ्याकडे.

"काय ऐकतेस?"

"कोण ओरडतंय ते. सगळी लॅब गप आहे, काकू. फक्त तुम्ही ओरडताय. म्हणजे वायर कोणाची?"

"मी इथे नसले तर..."

"तर बघू ना. नाही जमलं तर लावते परत. मीनलताईचं काही झालं तर काय लावणार?"

तिने स्वतः रिक्षा थांबवली आणि मला डबा-पर्ससकट आत बसवलं. लग्नानंतर पाठवणी केल्यासारखी मी रडत निघाले.

घरी मी फोन मांडीवर घेऊन बसले. आता वाजेल. आता शुभांगी रडेल. मीनल सोफ्यावरून माझ्याकडे बघत होती. बुधवारी दुपारी ती वरणभात कालवता कालवता थांबली आणि म्हणाली, "आई, पाणी गेलं." मी उठून आधी नळ बघायला गेले, एवढी मी हुशार. मग कळलं. सुइणीपासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांना 'वेळ आहे अजून' म्हणायची सवय असते, पण त्या दिवशी कोणालाच म्हणता आलं नाही. तासाभरात नात हजर. नौपाड्याहून निघाले असते, तर मी तेव्हा कुठेतरी रिक्षासाठी सुट्टे पैसे शोधत असते. मीनलने सगळा वेळ माझं मनगट धरलं होतं. तिच्या नखांचे वण बरेच दिवस होते. मला ते कोणालातरी दाखवावेसे वाटायचे.

लॅबमधून एकही फोन आला नाही. बारशानंतर मी कामावर परतले, ती घुश्श्यातच.

"एवढ्या दिवसांत एकानेही विचारलं नाही गं मला?"

"विचारलं ना," उपटे म्हणाली. "शुभांगी रोज विचारत होती, काकूंना फोन करू का म्हणून. मी तिचा पण प्लग काढला."

एवढी शहाणी बाई, तिने स्वतःच्या मोबाइलचा बॅकअप कधी घेतला नव्हता. तो एकदा बादलीत पडला आणि तिच्या आईचे सगळे फोटो गेले. आई नुकतीच वारलेली. ती कोपऱ्यात शेंगदाणे न खाता बसलेली मी पहिल्यांदा पाहिली. बारशाला तिची आई आली होती, नातीला मांडीवर घेऊन हसताना मी फोटो काढले होते. ते काढून तिच्यापुढे धरले. म्हटलं, "नेलं होतं. परत आणून दाखवते." तिने नाक ओढलं. "शॉर्टकट नाही ना, काकू?"

आता मी निवृत्त आजी आहे. केस पांढरे, चष्मा नाकावर. सगळे जेवायला बसले आणि एकेक जण मोबाइलमध्ये घुसला, की मी हळूच राउटरचा प्लग काढते आणि बोट वर करते. सगळ्यात आधी जावई ओरडतो. नात माझ्या बाजूने असते, प्लगावर पाय ठेवून.

मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी उपटे गेली. लॅबचं सगळं काम दूर कुठल्या तरी इमारतीतल्या भाड्याच्या सर्व्हरवर गेलं, आमची एसीची खोली रिकामी झाली आणि तिला कल्याणच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली. निरोप समारंभाला ती नाही म्हणाली. डॉक्टरांना सांगून, कोणाला न कळवता एका शुक्रवारी गेली. सोमवारी सगळं चालू. प्रिंटर चालू, कोपर चालू, बाळकुम चालू. सगळ्या वायरींवर तिच्या अक्षरातल्या चिकटपट्ट्या. कोणाला पत्ताही नाही.

दुपारी डबा उघडला आणि माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून मला कोणी काकू म्हटलेलं नाही. सगळे मॅडम, मॅडम. मी घास तसाच ठेवून फोन लावला आणि तिला जे काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. न सांगता जातेस, वर तोंड करून, मी काय गणपतीच्या फोटोवरची माळ आहे? बोलून बोलून माझा दम संपला. पलीकडून शेंगदाणा फुटल्याचा आवाज आला.

"हां, काकू," ती म्हणाली. "शुक्रवारपासून कान देऊन बसलेले मी."