सईच्या नावावरची सूट

वामन आमच्या कंटेनर यार्डात एकवीस वर्षं क्रेन चालवतो. खाडीकाठच्या गावातला, शब्दाचा पक्का, कोणाचे दहा रुपये न बुडवणारा. पण आयकराचं रिटर्न त्याने कधी उघडून पाहिलं नाही. ते काम मिथुनचं. मिथुन ऐरोलीत एका मोबाइलच्या दुकानामागे बसतो. सीए नाही, कसलंच शिक्षण नाही. फी म्हणून रिफंडातला पाचवा हिस्सा घेतो. यार्डातली निम्मी माणसं त्याच्याकडे. मी हिशेब खात्यातला. शिकलेला माणूस गाठा, असं दरवर्षी घसा फोडून सांगतो. त्यांचा प्रश्न ठरलेला : तुमचा सीए रिफंड किती आणून देतो?

यंदा घराच्या कर्जासाठी बँकेने रिटर्नच्या प्रती मागितल्या. वामनने त्या माझ्या टेबलावर ठेवल्या. दुसऱ्या पानावर मी थांबलो.

"वामन, सईला काय झालंय?"

"काय व्हनार? कबड्डीला गेलीय सकालपासून."

कागदावर त्याची मुलगी तीव्र अपंग होती, आधार क्रमांकासकट. त्यावर सव्वा लाखाची सूट.

संध्याकाळी आम्ही दोघे ऐरोलीला गेलो. मिथुनने खुर्चीतून उठण्याचीही तसदी घेतली नाही.

"टेन्शन नका घेऊ काका, सगळ्यांचं असंच भरतो. रिफंड आला तेव्हा पेढे तुम्हीच आणलेत ना?"

"पेढे आनले," वामन म्हणाला. "माजी पोर लुली कर, असं नव्हतं सांगितलं."

मिथुन हसला. माझा हात उठला असता. वामननेच दंड धरून मला बाहेर आणलं.

मग बेलापूरच्या वैजयंती मॅडम. सीए, फी आधीच सांगितली, प्रत्येक पावती मागितली. रिफंड सोडाच, बुडवलेला कर, व्याज आणि वर जादा रक्कम भरावी लागेल म्हणाल्या. यार्डात लोक खिदळले : वामन्याची सीए उलटे पैसे भरायला लावते. घराच्या साठवणीतून भरायला वामन तयार होता. त्याची अट एकच, सईच्या नावापुढचं ते खोडायचं.

"दुरुस्त रिटर्न भरू," मॅडम म्हणाल्या. "जुनं पुसता येत नाही."

"मंग त्यात मिथुनचं नाव कुठं हाय?"

"कुठेच नाही. खाली तुमचं आहे. वरील माहिती खरी आहे, म्हणून."

वामनने एक शिवी हासडली. कोणाला, ते मी विचारलं नाही. मग मोबाइल काढून तो पैसे भरायला लागला.